वजन तर ‘बरोबर’ आहे, मग मुलगी आजारी कशी?

कंबर_तलाव

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते. खाली लिहिलेले सर्व माझ्या मुलीने वाचले आहे आणि तिच्या सांगण्यावरून त्यातली दोन वाक्ये मी काढूनही टाकली आहेत. एक विनंती आधीच करून ठेवते. या धाग्यावर कोणीही किलोचे आकडे, कॅलरींचे आकडे किंवा वजन उतरवण्याच्या युक्त्या लिहू नयेत, कारण न खाण्याचा हा आजार असलेली मुले असे आकडे परीक्षेच्या निकालासारखे वाचतात आणि आपला क्रमांक कितवा ते बघतात.

मुलगी लहानपणापासून अंगाने भरलेली. आमच्या घरात सगळीच माणसे तशी आहेत. दहावीची परीक्षा संपल्यावर तिने आधी साखर सोडली, मग भात आणि पुढे रात्रीचे जेवण. सुट्टीत मुलीने मनावर घेतले असे आम्हाला वाटले. खोटे कशाला सांगू, मला आनंदच झाला होता. जूनमध्ये कॉलेजसाठी कपडे शिवायला टाकले तेव्हा नवी पेठेतल्या आमच्या शिंप्याने वहीतले जुने माप काढून पाहिले, टेप पुन्हा एकदा लावली आणि विचारले, “ताई, मागच्या वेळी माझंच चुकलं होतं का?” मी हसले होते.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सगळे नातेवाईक भेटले. जो तो तिला म्हणत होता, “काय बारीक झालीस गं! काय केलंस, आम्हालाही सांग की.” संक्रांतीला कोणीतरी दिलेली तिळगुळाची वडी तिने तोंडात टाकल्यासारखे केले, रात्री कपडे धुवायला घेतले तेव्हा ती वडी तिच्या ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवलेली सापडली. मला तेव्हाच कळायला हवे होते. तोवर पाळी पाच महिने आलेली नव्हती आणि न्हाणीघराच्या जाळीत रोज केसांचा पुंजका अडकत होता.

फेब्रुवारीत आम्ही एका डॉक्टरांकडे गेलो. नाव लिहिणार नाही, कारण माझी तक्रार एका माणसाविरुद्ध नाही. त्यांनी तिला वजनकाट्यावर उभे केले, भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिले आणि सांगितले की, वजन आता बरोबर आहे, आणखी थोडे उतरले तरी हरकत नाही, पाळीचे बहुधा पीसीओडीमुळे (बीजकोशांच्या विकारामुळे) होत असावे आणि वजन आटोक्यात राहिले की तीही नियमित होईल. आधी वजन किती होते, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. परतताना रिक्षात मुलगी खुशीत होती. त्या खुशीचा अर्थ मला पुढे दोन महिन्यांनी कळला.

एप्रिलमध्ये, पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना, ती घरात स्वेटर घालून बसू लागली. सोलापूरच्या उन्हाळ्यात स्वेटर! मग एक दिवस जिन्यात चक्कर येऊन पडली. त्या वेळी ज्या डॉक्टरांकडे नेले त्यांनी काट्याकडे न पाहता आधी तिला आडवे झोपवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली, मग उभे करून पुन्हा मोजली, दोन्ही वेळा रक्तदाब घेतला. झोपलेली असताना नाडी ४४ होती. त्याच दिवशी तिला दाखल केले.

हा धागा काढावासा वाटला तो मात्र त्यानंतर जे घडले त्यामुळे. दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्याच रुग्णालयाच्या आहार विभागातून एक छापील कागद आला. शीर्षक होते ‘लठ्ठपणासाठी आहार’. भात बंद, तूप बंद, एका वेळी अर्धी भाकरी. खाटेला अडकवलेल्या कागदावरचे वजन आणि उंची पाहून कोणीतरी नेहमीच्या गठ्ठ्यातला कागद काढून पाठवला होता. उपाशी राहिल्यामुळे जिला दाखल करून घेतले, तिलाच उपाशी राहण्याचा लेखी सल्ला त्याच इमारतीतून मिळाला. मी तो कागद फाडला, असे मला वाटत होते. पण महिन्याभराने तिच्या कंपासपेटीत त्याची दुसरी प्रत चार घड्या घालून ठेवलेली सापडली. “डॉक्टरांनीच दिलाय ना,” असे ती म्हणाली.

आता ती बरीच सावरली आहे. पण हा अनुभव आमच्या एकटीचा आहे की इतरांनाही आला आहे, आणि आपले म्हणणे वैद्यकीय मंडळींपर्यंत तुम्ही कसे पोहोचवलेत, हे जाणून घ्यायचे आहे.

शेंगाचटणी

ताई, मुलगी बरी होते आहे हे वाचून बरे वाटले. तरीही थोडे वेगळे बोलतो, राग मानू नये. आपल्या गावात प्रत्येक दुसऱ्या घरात मधुमेहाची गोळी आहे. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे असल्याचा अंदाज होता. माझ्या आईचा पाय त्यातच गेला. अशा वेळी डॉक्टरांनी वजनाबद्दल बोलूच नये, त्याला पूर्वग्रह म्हणावे, हे मला पटत नाही. शिवाय न खाण्याचा आजार हा काड्यांसारख्या दिसणाऱ्या मुलींचा, असेच आजवर वाचले आहे. अंगाने बरी असलेली मुलगी उपासमारीने आजारी आहे म्हणजे नेमके काय, हे कोणी समजावून सांगेल का?

निशिगंध

मी मूळची सोलापूरची, वैद्यकीय शिक्षणही इथेच झाले; आता दुसऱ्या शहरात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. शेंगाचटणी यांचा प्रश्न रास्त आहे आणि तोच प्रश्न अनेक डॉक्टरांच्याही मनात असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

न खाण्याच्या या आजाराला ॲनोरेक्सिया म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ भूक नसणे असा आहे आणि तिथूनच दिशाभूल सुरू होते, कारण या आजारात भूक असते. माणूस तिच्याशी लढत असतो. निदानाच्या निकषांतही बराच काळ अशीच एक अडचण होती. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत अपेक्षित वजनाच्या ८५ टक्क्यांखाली जाणे हे उदाहरण म्हणून दिलेले होते, तर पाळी सलग तीन वेळा चुकणे ही अटच होती. व्यवहारात ८५ टक्क्यांचे ते उदाहरणच दारावरच्या पहारेकऱ्यासारखे वापरले गेले. २०१३ मध्ये पाचवी आवृत्ती आली, तिने ती टक्केवारी आणि पाळीची अट या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या, आणि वजन बरेच घटूनही जी व्यक्ती ‘सामान्य’ पट्ट्यात किंवा त्याच्या वर असते, तिच्यासाठी ‘अॅटिपिकल ॲनोरेक्सिया’ असे नाव दिले. अॅटिपिकल म्हणजे नेहमीपेक्षा वेगळा. हे नाव मला मुळीच आवडत नाही. आजार तोच, भीती तीच, शरीराची पडझड तीच; फक्त सुरुवातीचा आकडा वेगळा म्हणून त्याला सावत्र नाव.

जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी रोगवर्गीकरण सूची २०२२ पासून लागू झाली. तिच्यात एक उपयोगी वाक्य आहे: बाकीचे निकष पूर्ण होत असतील, तर सहा महिन्यांत एकूण वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक अशी वेगवान घट ही कमी वजनाच्या अटीची जागा घेऊ शकते. म्हणजे आज आकडा किती आहे, याइतकेच महत्त्व तो कुठून आणि किती वेगाने खाली आला, याला आहे. २०१९ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकी अभ्यासातही हेच दिसले. दाखल झालेल्या किशोरवयीन रुग्णांमध्ये नाडी किती मंदावली आहे, हे दाखल होतानाच्या वजनापेक्षा किती वजन गेले आणि किती झपाट्याने गेले, यावरून अधिक नीट कळत होते.

आता स्वेटरबद्दल. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. युद्धाने उपाशी झालेल्या युरोपला पुन्हा खायला कसे घालावे, हे त्याला शोधायचे होते. त्या तरुणांनी जवळजवळ चतुर्थांश वजन गमावले. त्यांची नाडी मंदावली, केस गळले, भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली, ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले आणि जेवण संपवायला तासन्‌तास लावू लागले. शरीर इंधन कमी आहे असे पाहून सगळे दिवे मंद करते. पाळी थांबते तीही याच हिशेबाने, कारण मेंदूतला हायपोथॅलॅमस बीजकोशांना जाणारे संदेश कमी करतो. कंबर_तलाव यांच्या मुलीच्या बाबतीत पीसीओडी हा शब्द उच्चारण्यापूर्वी कोणी “जेवतेस किती?” एवढे विचारले असते, तर पुष्कळ वेळ वाचला असता.

याच अॅन्सेल कीजने पुढे १९७२ मध्ये एका जुन्या सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ (बीएमआय) हे नाव दिले; वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचे, एवढेच ते सूत्र. ते सूत्र १८३० च्या दशकातले, अडॉल्फ केटले या बेल्जियन गणितज्ञाचे. समाजाची सरासरी काढण्यासाठी त्याने ते मांडले होते, एका माणसाची प्रकृती जोखण्यासाठी नव्हे. उपासमारीचे इतके बारकाईने वर्णन करणाऱ्या माणसाने प्रचारात आणलेल्या मापानेच आज उपाशी मुलगी ‘बरोबर’ ठरते, याला योगायोग म्हणावे की दैवदुर्विलास, ते तुम्हीच ठरवा.

भारतीयांसाठी अतिरिक्त वजनाची रेषा बीएमआय २३ वर आणली गेली आहे, कारण मधुमेह आपल्याला कमी वजनातही गाठतो. हे योग्यच आहे आणि शेंगाचटणी यांच्या आईंसारख्या रुग्णांसाठी आवश्यकही आहे. परंतु रेषा खाली आली की, ज्यांना ‘अजून थोडे उतरवा’ असे सांगितले जाते त्यांची संख्याही वाढते, आणि त्यांच्यात काही जण आधीच न खाणारे असतात. वजनाबद्दल बोलू नये असे माझे म्हणणे नाही. वजन बघून प्रश्न विचारणे थांबवू नये, एवढेच म्हणणे आहे.

हातमाग

धागा पुरुषांनी लिहिण्याचा आहे की नाही, हे ठाऊक नाही; पण लिहितो. वय ४१, टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचे काम करतो. माझे उलटे आहे. दिवसभर मी शिस्तीत असतो आणि रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्याने खातो. भुकेने नाही. डब्यातल्या कडक भाकऱ्या, त्यावर चटणी, मग मुलांची बिस्किटे, मग जे हाताला लागेल ते. पोट दुखेपर्यंत थांबता येत नाही. सकाळी बायकोला खोटे सांगतो की, भाकऱ्या कामवाल्या मावशींना दिल्या.

पंधरा वर्षांत मी सहा-सात ठिकाणी गेलो असेन. सगळीकडे आहाराचा तक्ता मिळाला. तक्ता आठ-दहा दिवस चाले आणि मग एका रात्री सगळे बांध फुटत. एका दवाखान्यात कंपाउंडर बाहेरच्या बाकावरच वजन करायचा आणि आकडा आतल्या डॉक्टरांना ऐकू जावा म्हणून मोठ्याने पुकारायचा. बाकावर बसलेल्या बायका पदराआड हसायच्या. तिथून निघाल्यावर मी पार्क चौकात थांबून जे काही खाल्ले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. ‘जिभेवर ताबा ठेवा’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, मला आजार असू शकतो ही शक्यताच कधी सुचली नाही. आळस आणि हावरेपणा, हेच माझे निदान होते, आणि ते मीही मान्य केले होते.

निशिगंध

हातमाग, धागा तुमचाही आहे. तुम्ही वर्णन केलेल्या प्रकाराला ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ म्हणतात. अमेरिकेतील अल्बर्ट स्टंकार्ड या मनोविकारतज्ज्ञाने १९५९ मध्ये अशा खाण्याचे वर्णन केले होते, पण स्वतंत्र निदान म्हणून त्याला पुस्तिकेत जागा मिळायला २०१३ उजाडले. मी समोर न पाहता निदान करू शकत नाही; मात्र दिवसाची कडक बंधने आणि रात्रीचे फुटणारे बांध या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, पुष्कळदा पहिलीतूनच दुसरी येते, एवढे सांगते. म्हणून उपचाराची सुरुवात बहुधा दिवसाच्या नियमित जेवणापासून होते. सकाळचा नाश्ता, दुपारचे जेवण, संध्याकाळचे खाणे, रात्रीचे जेवण; दोन खाण्यांत फार मोठे अंतर नाही आणि कोणताही पदार्थ ‘निषिद्ध’ नाही. बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे बोलण्यातून विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचाराचा, या आजारासाठी चांगला उपयोग होतो. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: या विकाराच्या मानसोपचारात वजन उतरवणे हे उद्दिष्ट नसते, हे रुग्णाला सांगावे, आणि खाण्याच्या कोणत्याही विकारात उपचार द्यावेत की नाही, हे बीएमआयसारख्या एकाच मोजमापावरून ठरवू नये.

शेंगाचटणी

हातमाग, तुमचे वाचून काल रात्री जेवण नीट गेले नाही. आमच्या आईलाही प्रत्येक तपासणीत “पुन्हा वाढलं का?” असे ऐकावे लागे, आणि पुढेपुढे तिने तपासणीला जाणेच सोडले होते. पायाची जखम तिने आमच्यापासून तीन आठवडे लपवली. ही गोष्ट मी आजवर तिच्या हट्टीपणाच्या खात्यात मांडत आलो.

निशिगंध

हे सर्वत्र घडते. २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात लठ्ठपणावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांनीच एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध करून सांगितले की, लठ्ठ माणसाला लाजवल्याने त्याची प्रकृती सुधारत नाही, उलट तो उपचारांपासून दूर जातो. हे लिहिणारे वजन निरुपद्रवी आहे असे मानणारे नाहीत, तेव्हा त्यांचे ऐकायला हरकत नसावी.

पीटीचा_तास

मी शाळेत सत्तावीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले, आता निवृत्त आहे. दरवर्षी वजन-उंचीची नोंद आमच्याकडे असे. शंभर मुलांची रांग, एक काटा, एक वही. मी आकडा मोठ्याने सांगायचा आणि वर्गातला हुशार मुलगा तो लिहून घ्यायचा, कारण त्यामुळे काम एका तासात आटपत असे. एखाद्या मुलीचे वजन जास्त निघाले की मी ‘गामा पैलवान’ वगैरे काहीतरी बोलत असे आणि सगळे हसत. मुलगीही हसत असे. त्या हसण्यावर मी विश्वास ठेवला. आज हातमाग यांचा कंपाउंडर वाचला आणि त्याच्या जागी स्वतःलाच पाहिले. सध्या मी माझ्या जुन्या शाळेत अधूनमधून जातो. पुढच्या नोंदीच्या वेळी काटा वर्गाबाहेर पडद्याआड ठेवावा आणि आकडा शिक्षकाने स्वतः लिहावा, असे मी मुख्याध्यापकांना सुचवणार आहे. वेळ दुप्पट लागेल, हे मला ठाऊक आहे.

सात_रस्ता

उपवासाचा मुद्दा कोणीच मांडला नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. माझी धाकटी जाऊ श्रावणी सोमवार, एकादशी, चतुर्थी, गुरुवार, शनिवार असे करत आठवड्याचे चार दिवस उपाशी असायची. सासरी तिचे केवढे कौतुक! उपवासाच्या दिवशी बाकीच्या आम्ही शाबूची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू हाणत असू आणि ती पाण्यावर. उपवास सुटला की आम्ही मोकळ्या, पण ती रडवेली व्हायची. मला फरक तिथे दिसला: आम्ही उपवास सोडायची वाट पाहत होतो आणि तिला तो सुटण्याची भीती वाटत होती. तीही अंगाने स्थूल होती, त्यामुळे अशक्तपणा असेल असे कोणाला वाटलेच नाही. शेवटी ती चोरून काढत असलेल्या उलट्यांमुळे दातांची झीज झाली आणि ती दंतवैद्यांनी ओळखली.

आमच्या जावेचे माहेर तेलुगू बोलणारे, शेजार कन्नड आणि घर मराठी. तिन्ही भाषांत तिला काय झाले आहे, हे सांगायला शब्द नव्हता. ‘खात नाही’ म्हटले की लोक म्हणत, खाल्ल्याशिवाय का अंग असे राहते?

निशिगंध

सात_रस्ता, दंतवैद्यांचे अभिनंदन. वारंवार उलट्या करणाऱ्यांच्या दातांचे आतल्या बाजूचे कवच झिजते, गालांखालच्या लाळग्रंथी सुजतात आणि चेहरा उलट भरलेला दिसू लागतो. शरीरातले पोटॅशियम घटते आणि हृदयाचा ठोका बिघडू शकतो. हे सर्व कोणत्याही वजनात होते.

एक धोक्याची सूचना इथेच देऊन ठेवते. घरच्यांना आजार कळला की, प्रेमापोटी एकदम तुपाची धार सुरू होते. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाने अचानक भरपूर खाल्ले, तर रक्तातले फॉस्फेट झपाट्याने खाली येऊ शकते आणि त्यातून जीवही जाऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धात सुटका झालेल्या युद्धकैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे पाहिले होते. ‘ही काही वाळलेली नाही, हिला कसला धोका’ असा विचार इथेही घात करतो. म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ताच्या तपासण्या करत काढावेत. आणि रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये. शरीर शेवटपर्यंत हिशेब जुळवत राहते.

कंबर_तलाव

सर्वांची मी आभारी आहे. पीटीचा_तास सर, तुम्ही जे लिहिलेत ते लिहायला धैर्य लागते. मुलीने तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी आता त्या भागाबद्दल लिहिते ज्यात आमचे सर्वांत जास्त महिने गेले. नाडी सुधारली, घरी सोडले, आणि मग प्रश्न आला की, वजन कुठपर्यंत परत यायला हवे. मुलगी आधीच तक्त्यातल्या ‘आदर्श’ पट्ट्यात होती. तेव्हा पहिल्या ठिकाणी सांगितले गेले की, आहे तिथेच टिकवा, पुन्हा ‘जाड’ होऊ देऊ नका. आम्ही चार महिने तसे केले. पाळी आली नाही, थंडी गेली नाही, आणि रोजचे जेवण हे रोजचे युद्ध राहिले. तिला जे वाटत होते, की आपले मूळचे शरीर हाच एक आजार आहे, त्याला उपचार करणारेच दुजोरा देत होते.

नंतर पुण्यातल्या एका डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणे झाले. त्यांनी पहिल्याच भेटीत तिची लहानपणापासूनची वाढ मागितली. मी कपाट उपसले आणि लसीकरणाचे कार्ड काढले. त्याच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, पण आमच्या जुन्या बालरोगतज्ज्ञांनी प्रत्येक डोसाच्या शेजारी निळ्या शाईने वजन लिहिले होते. शाळेच्या आरोग्य तपासणीची पत्रके मिळाली. डॉक्टरांनी ते सगळे बिंदू वाढीच्या तक्त्यावर मांडून आम्हाला पडद्यावर दाखवले. मुलगी नवव्या महिन्यापासून दहावीपर्यंत वरच्या एका रेषेला धरून, तिला समांतर चालत आली होती. मग ती रेषा अचानक दगड टाकल्यासारखी खाली आलेली. “हिचं शरीर या रेषेवरचं आहे,” ते म्हणाले. “आपल्याला तक्त्याच्या मधोमध जायचं नाही, हिच्या वाटेवर परत जायचं आहे.”

मला ते ऐकताना भीती वाटली, हे कबूल करते. म्हणजे पुन्हा तेच नातेवाईक, तेच टोमणे. माझ्या मनातला पूर्वग्रह कोणत्याही डॉक्टरांपेक्षा कमी नव्हता. आणि जेवणाच्या ताटावर रोज मीच बसणार होते, कारण या वयात आईवडिलांनी जेवणाची सूत्रे हातात घेणे हाच उपचाराचा गाभा आहे, असे त्यांनी सांगितले. पहिल्या आठवड्यात तिच्या ताटात दुसरी भाकरी वाढताना माझाच हात अडखळायचा, आणि तिला तो दिसायचा. शेवटी सासूबाई वाढू लागल्या. त्यांचा हात कधी अडखळत नाही.

पाळी तीन महिन्यांनी आली. ती आज पुन्हा अंगाने भरलेली आहे. थंडी वाजत नाही, भांडते, हसते, अभ्यासाला कंटाळते. टोमणेही सुरू झाले आहेत. मागच्या महिन्यात एका लग्नात माझ्या आत्याबाई म्हणाल्या, “छान बारीक झाली होतीस, पुन्हा कशाला वाढवलंस?” मी उत्तर शोधत होते तोवर मुलगीच म्हणाली, “आजी, तेव्हा मी दवाखान्यात होते.”

शेंगाचटणी

ताई, एक विचारायचे आहे. माझ्या बहिणीची मुलगी पंधरा वर्षांची आहे, पूर्वी गुटगुटीत होती. गेल्या दिवाळीपासून ती आमच्याकडे आली की जेवून आले असे सांगते, आणि तिच्या आईला सांगते की मामाकडे जेवले. आम्ही दोघांनी काल पहिल्यांदा हे एकमेकांना सांगितले. डॉक्टरांकडे नेताना काय काय बरोबर न्यावे आणि काय सांगावे? पुन्हा ‘वजन बरोबर आहे’ म्हणून परत पाठवतील, ही भीती आहे.

निशिगंध

आधी वेग सांगा, आकडा नंतर. ‘इतक्या महिन्यांत इतके कपडे सैल झाले’ असे पहिले वाक्य असू द्या. झोपून आणि उभे राहून नाडी व रक्तदाब पाहण्याची, ईसीजीची आणि पोटॅशियम-फॉस्फेटच्या तपासणीची विनंती स्पष्ट शब्दांत करा. पाळीची तारीख लिहून न्या. वजन घ्यायचे असेल तर ते मुलीला पाठमोरी उभी करून घ्यावे आणि आकडा तिच्यासमोर उच्चारू नये, हे आत जाण्यापूर्वीच सांगून ठेवा. चांगला डॉक्टर याला नाही म्हणणार नाही. चक्कर, छातीत धडधड किंवा पाणीही न घेणे असे काही असेल, तर वेळ ठरवत न बसता थेट अपघात विभागात न्या. आणि कोणाशी तरी आधी बोलावेसे वाटले तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येते.

कंबर_तलाव

आणि भाचीला ‘बारीक झालीस’ असे तुमच्या घरात कोणी म्हणत असेल, तर ते आजपासून बंद करा, कौतुकाने म्हणत असले तरीही.

लसीकरणाचे कार्ड बहिणीकडे शोधायला सांगा. बहुतेक घरांत ते सापडत नाही. आमच्याकडे कार्डावरून मूळची रेषा कळली, पण घसरण कधी सुरू झाली हे काही केल्या सांगता येत नव्हते. तेव्हा मी नवी पेठेत जाऊन शिंप्याच्या वहीतल्या तीन पानांचे फोटो काढून आणले. दिवाळी, जून आणि संक्रांत, तिन्ही मापे तारखांसह होती. डॉक्टरांनी ते फोटो तिच्या फाइलला लावून घेतले.

शेंगाचटणी

बहीण कार्ड शोधते आहे. आमचा शिंपी अशोक चौकातला. उद्या सकाळी दुकान उघडले की जातो.